पेरूची नोट

सप्टेंबर सरत आला होता. परतीचा पाऊस पनवेलवर रोज दुपारी चारच्या सुमाराला हजेरी लावून जात होता. अशाच एका शनिवारी कादंबरी दुकानात काच कापत बसली होती. लाइन आळीतलं हे फोटोफ्रेमचं दुकान तिच्या वडिलांनी थाटलेलं, पण त्यांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून गेली पाच वर्षं तीच ते बघत होती. हिरकणीने काचेवर रेघ ओढताना श्वास रोखून धरावा लागतो. त्यामुळे दारात कुणीतरी छत्री मिटतंय हे कळूनही तिने मान वर केली नाही. रेघ पुरी झाली, काच टक् करून दुभंगली, आणि मग तिने पाहिलं.

तिशी ओलांडलेला एक उंच माणूस तिच्या टेबलावर ओणवा झाला होता. काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद, खांद्यावरून पाणी ठिबकतंय, आणि नाक टेबलाच्या काचेला जवळजवळ टेकलेलं. कादंबरीला वाटलं, गडी काचेत बघून केस नीट करतोय.

"आरसा मागच्या भिंतीवर आहे," ती म्हणाली.

तो दचकून सरळ झाला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "नाही, नाही... मी ही नोट बघत होतो."

टेबलाच्या काचेखाली गणपतीचं एक चित्र, चार व्हिजिटिंग कार्डं आणि एक परदेशी नोट होती. हिरवट रंगाची, मऊ पडलेली. तिच्यावर कल्ल्यांना मिशा जोडलेला एक करारी नौदल अधिकारी.

"पेरूची आहे," तो म्हणाला. "हजार सोल. एकोणीसशे एक्याऐंशीची."

"पेरूची?" कादंबरीच्या तोंडून निघून गेलं, "मला वाटलं, नोटा कागदाच्या असतात."

तो हसला. मोठ्याने नाही, पण असा की हसू डोळ्यांत बराच वेळ राहिलं. "मागच्या बाजूला कोळी आहेत. होड्या आणि मासे."

ते तिने पाहिलेलं होतं. पण न पाहता हे सांगणाऱ्या माणसाबद्दल तिला कुतूहल वाटलं. त्याचं नाव स्वानंद. द्रोणागिरीला एका गोदामात तो आलेल्या मालाची तपासणी करायचा. ऑफिसातले एक गृहस्थ निवृत्त होत होते, त्यांचं मानपत्र फ्रेम करायला तो आला होता. आणि त्याला दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या नोटा जमवायचा नाद होता. फक्त तिथल्याच. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि मग उगाच छत्री झटकली, जणू जरा जास्तच बोलून गेलो असं त्याला वाटलं असावं.

"मग ही तुमच्याकडे असेलच," कादंबरी म्हणाली.

तो छत्रीच्या टोकातून फरशीवर पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "ही मी... दहा वर्षं शोधतोय."

कादंबरीला वाईट वाटलं, कारण नोट तिची नव्हती. गणपतीच्या आधी उरणजवळच्या करंजा गावच्या एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या होत्या. फ्रेम खाऱ्या हवेने पोखरलेली, काच तडकलेली. त्या फोटो ठेवून गेल्या, आणि नंतर कादंबरीने जुना पुठ्ठा उचकटला तेव्हा फोटोच्या पाठीशी ही नोट निघाली. फोटो न्यायला भलताच कुणी टेम्पोवाला आला. कादंबरी तेव्हा बँकेत गेली होती. वडिलांनी फोटो देऊन टाकला, नोट राहून गेली. पावतीवरचा फोन लागत नव्हता. बाई पुन्हा आल्या तर त्यांच्या डोळ्यांसमोर असावी, म्हणून तिने ती काचेखाली ठेवली होती.

"त्या आल्या की विचारीन," ती म्हणाली. "द्यायची की नाही ते त्या ठरवतील."

"मी पुढच्या शनिवारी येऊन बघतो," स्वानंद म्हणाला. मानपत्र मंगळवारीच मिळणार होतं, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

पुढच्या शनिवारी तो आला. बाई आल्या नव्हत्या. त्याच्या पुढच्याही शनिवारी तो आला, तेव्हाही बाई आल्या नव्हत्या. मात्र या वेळी त्याने बॅगेतून एक जाड अल्बम काढला आणि म्हणाला, तुम्हाला वेळ असेल तर...

वेळ होता. पाऊस लागला की लाइन आळीत फ्रेमला गिऱ्हाईक येत नाही. कादंबरीने टेबलावरच्या पट्ट्या आणि बारीक खिळ्यांची डबी बाजूला सारली, फडक्याने काच पुसली, आणि दोघं समोरासमोर बसले. ब्राझीलची एक तपकिरी नोट होती, मागे तळ्यात थाळीएवढ्या पानांचं कमळ पसरलेलं. पाराग्वेची एक होती, घागर घेतलेल्या मुलीची. अर्जेंटिनाची दहा लाखांची नोट बघून तिने, हिच्यात घर आलं असतं का, असं विचारलं. स्वानंद म्हणाला, छापली तेव्हा बऱ्यापैकी सामान येत होतं. दोन-चार वर्षांत चार शून्यं उडाली आणि नवं चलन आलं. त्याचंही नाव पुढे बदललं.

त्याला हा नाद लागला तो एका खलाशामुळे. नोकरीच्या पहिल्या वर्षी गोदामाच्या फाटकाशी उन्हात तिष्ठत बसलेल्या एका चिलीच्या माणसाला त्याने चहा पाजला होता. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. जाताना त्या माणसाने खिशातून एक चुरगळलेली नोट काढून त्याच्या हातात ठेवली. स्वानंदने घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की ते चलन त्या देशात केव्हाच बंद झालंय. कवडीच्या किमतीची वस्तू त्या माणसाने वर्षानुवर्षं खिशात बाळगली होती आणि ती एका चहाच्या बदल्यात देऊन टाकली होती. स्वानंदला ते विसरता येईना.

"तिथल्या नोटा फार लवकर म्हाताऱ्या झाल्या," तो म्हणाला. "कुणीतरी महिनोन्‌महिने बसून एकेक पान, एकेक पापणी कोरली असेल. आणि नोट चालली वर्ष-दीड वर्ष." त्याने भिंग तिच्यापुढे सरकवलं. "हे बघा."

कादंबरीने भिंगातून पाहिलं. साध्या डोळ्यांना जो निळसर डाग वाटत होता, तो शेकडो केसासारख्या रेषांचा गोफ निघाला. एक रेघ दुसरीच्या खालून निघून तिसरीवरून जात होती आणि कुठेही तुटत नव्हती. तिने आयुष्यभर कडा, कोपरे आणि रेघा यांच्यातच डोळे घातले होते. तिला हाताची किंमत कळत होती. ती इतका वेळ वाकून राहिली की तिची बट भिंगावर आली. ती बाजूला करायला स्वानंदचा हात किंचित उचलला गेला, मध्येच थबकला आणि नोट सरळ करण्याच्या निमित्ताने खाली गेला. कादंबरीने ते पाहिलं होतं. भिंगातून नव्हे... डोळ्यांच्या कोपऱ्यातून.

नवरात्र गेलं, दिवाळी गेली. पाऊस केव्हाच संपला, तरी शनिवारची दुपार ठरून गेली. तिचे वडील कधी दुकानात टेकायला आलेच तर विचारायचे, पेरूवाला आला होता का गं? आणि ती, आला होता बाबा, असं म्हणून पट्टीला पॉलिश लावत राहायची. वडील जास्त काही विचारत नसत. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मुलाशी तिचा साखरपुडा झाला होता. लग्नाला महिना राहिला असताना कळलं की तो सांगत होता ती नोकरी त्याला कधी लागलेलीच नव्हती. नोकरी नसण्याचं कादंबरीला काही वाटलं नव्हतं. आठ महिने तो रोज सकाळी फोन करून, ऑफिसला निघालो, असं सांगायचा, त्याचं वाटलं होतं. तेव्हापासून त्या घरात लग्नाचा विषय जपून निघत असे.

कार्तिक महिन्यात एकदा तिने पावती पुन्हा काढून पाहिली आणि ठरवलं. नोट अशी किती दिवस अडकवून ठेवायची? आपणच करंज्याला जाऊ, बाईंना शोधू, आणि स्वानंदने समक्ष विचारावं. हे तिने त्याला सांगितलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला नाही. उगाच त्यांना कशाला त्रास, असं काहीतरी पुटपुटला. कादंबरीने ते भिडस्तपणाच्या खात्यावर टाकलं आणि त्याला रविवारी सकाळी आठची वेळ दिली.

त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून ती निघाली तेव्हा हवेत सुखद गारवा होता. कंटेनरच्या ट्रकांची रांग संपता संपेना. द्रोणागिरीजवळ आल्यावर त्याने गाडीचा वेग कमी करून, ते निळ्या पत्र्यांचं आमचं गोदाम, असं हाताने दाखवलं. पुढे खाडीचा वास आला, मग सुक्या मासळीचा. बांबूंवर टांगलेले बोंबील वाऱ्याने हलत होते. बंदरावर लिलाव आटोपत आला होता, बायका रिकाम्या टोपल्या धुवत होत्या. पावतीवरचं नाव होतं चंद्रावती, आणि करंज्यात त्या नावाच्या बाया निदान पाच तरी निघतील असं एका म्हाताऱ्याने सांगितलं. त्यांतल्या तिसऱ्या, आपल्या त्याच.

सत्तरीच्या, काटक. अंगणात जवळा पसरत होत्या. दुकानातली पोरगी घरी आलेली पाहून त्या आधी घाबरल्या, मग हातातला जवळा तसाच टाकून चहा ठेवला. कादंबरीने पिशवीतून पाकीट काढलं, पाकिटातून नोट. चंद्रावतींनी ती घेतली, उलटी केली, आणि होड्यांच्या चित्रावर अंगठा ठेवून नुसत्या बसून राहिल्या. चुलीवरचा चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत. शेवटी कादंबरीनेच तो उतरवला.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा नवरा रामू मालवाहू जहाजावर खलाशी होता. ब्याऐंशी साली तो फार लांब गेला, दीड वर्ष आलाच नाही. आला तो ही नोट घेऊन. बायकोला म्हणाला, बघ, तिथेसुद्धा आपलेच लोक आहेत, होड्या ओढतात, जाळी विणतात. तिथल्या बंदरात त्यांना बघून मला घर आठवलं, आता मी जात नाही. आणि खरंच तो परत कधी गेला नाही. नोट त्याने कुठेशी जपून ठेवली आणि कुठे ठेवली तेच विसरला. वीस वर्षं नवरा-बायको त्यावरून एकमेकांची थट्टा करत राहिली. मग तो वारला. त्याच्याच फोटोच्या मागे ती असेल हे चंद्रावतींच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"सापरली एकदाची," त्या म्हणाल्या. डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. मग स्वानंदकडे बघून विचारलं, "आनि ह्यो कोन?"

कादंबरीने सांगितलं. हे अशा नोटा जमवतात. ही नोट दहा वर्षं शोधत होते. पण तुमची इच्छा असेल तरच... नाहीतर नाही.

स्वानंद म्हणाला की नको, मला नको, ही तुमच्याकडेच राहू दे. चंद्रावतींना तो त्याचा चांगुलपणा वाटला. त्यांनी नोट एकदा उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी ती त्याच्या हातात ठेवली आणि त्याची मूठ मिटली.

"मना एकदा बघायची व्हती, बघली. दहा वरसा शोधलीस म्हंजे तुजा जीव हाय तिच्यात. माज्यामागं हितं कोन बघनार तिला? तू ठेव."

त्याने परत करायचा प्रयत्न केला तर त्या रागावल्या.

येताना वाटेत तो अवाक्षर बोलला नाही. कादंबरीला वाटलं, मन भरून आलं असेल. दुकानाशी उतरल्यावर त्याने नोट तिच्याच हातात दिली. तूर्त तुमच्याकडे ठेवा, म्हणाला. पुढच्या शनिवारी त्याने कामाचं निमित्त सांगून यायचं टाळलं.

कादंबरीने तो शनिवार एका फ्रेमवर घालवला. सागाची अरुंद पट्टी घेतली, दोन्ही बाजूंना काच बसवली, म्हणजे एकीकडून तो मिशाळ अधिकारी दिसेल आणि दुसरीकडून होड्या. कोपरे तिने तीनदा उघडून जुळवले. डिसेंबरच्या सुरुवातीला वडाळे तलावाजवळच्या एका सभागृहात नाणी-नोटांचं प्रदर्शन होतं. तिथे स्वानंदचं टेबल असणार हे तिला ठाऊक होतं. न सांगता जायचं, फ्रेम त्याच्यापुढे ठेवायची आणि त्याचा चेहरा बघायचा, असा तिचा बेत होता. जाताना तिने आकाशी रंगाची साडी नेसली. वडिलांनी फक्त चष्मा पुसून पुन्हा लावला.

स्वानंद टेबलापाशी नव्हता. शेजारच्या टेबलावरचा केतन नावाचा एक गोलमटोल संग्राहक म्हणाला, चहा आणायला गेलाय, बसा. त्याचा अल्बम तिथेच उघडा होता. ही पानं तिला पाठ होती. ब्राझील, पाराग्वे, उरुग्वे... पण आज तो दुसराच अल्बम होता, अदलाबदलीसाठी आणलेल्या जादा नोटांचा. तिने सहज पान उलटलं. एका पानावर एकाखाली एक, चार नोटा. चारही तशाच. हिरवट. कल्ल्यांना जोडलेल्या मिशा.

"ती कशाला बघता?" केतन मोकळेपणाने म्हणाला. "ती सगळ्यांकडे असते. स्वानंद तर नव्या पोरांना फुकट वाटतो. बोहनी म्हणून."

कादंबरी उभीच राहिली. तेवढ्यात दोन हातांत दोन पेले घेऊन स्वानंद आला. त्याने आधी तिला पाहिलं आणि चेहरा उजळला. मग उघडं पान पाहिलं.

"कादंबरी, मी सांगणारच होतो."

"कधी?" तिने हळू विचारलं. आजूबाजूला माणसं होती, आणि तसाही चढ्या आवाजात भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं. "माझ्याशी खोटं बोललात, ते मी गिळलं असतं कदाचित. पण त्या बाईंनी इतक्या वर्षांनी सापडलेली वस्तू तुमच्या हातात दिली. नवऱ्याची. तुमचा जीव आहे तिच्यात, असं समजून. आणि मी तिथे बसून त्यांना तेच सांगत होते."

तिने फ्रेम टेबलावर ठेवली आणि निघाली. तो दारापर्यंत मागे आला, पण तिने वळून पाहिलं नाही.

तीन शनिवार आले आणि गेले. पहिल्या शनिवारी तो आला असता तर तिने दुकानातून हाकलून दिला असता. दुसऱ्या शनिवारी, आला तर काय बोलायचं, हे ती ठरवत राहिली. तिसऱ्या शनिवारी तिने एकाच फ्रेमच्या चार काचा चुकीच्या मापाने कापल्या. वडिलांनी तुकडे गोळा केले आणि म्हणाले, बाई गं, मनात आहे ते एकदा जाऊन बोलून ये, काच महाग आहे.

तिच्या मनात चंद्रावती होत्या. निदान तिला तसं वाटत होतं. त्यांना खरं कळलंच पाहिजे आणि ते सांगणं आपलं काम आहे, असं घोकत ती रविवारी एसटीने उरणला आणि तिथून रिक्षाने करंज्याला पोचली.

घराच्या दारात पाय ठेवला आणि थबकली. खिडकीच्या गजाला नायलॉनच्या दोरीने तिचीच फ्रेम टांगलेली होती. वाऱ्याने हळूच फिरत होती. मिशाळ अधिकारी, होड्या, पुन्हा अधिकारी.

"कवाची वाट बघतंय तुजी," चंद्रावती आतून म्हणाल्या. "तो बोलला व्हता, तू येशील."

प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वानंद त्यांच्या अंगणात उभा राहिला होता. आत यायला तयार नव्हता. उंबऱ्याबाहेरूनच त्याने सगळं सांगितलं. की अशा चार नोटा त्याच्याकडे होत्या, की तो दहा वर्षं काय दहा मिनिटंही ही नोट शोधत नव्हता, की हा सगळा खेळ त्याने दुकानात पुन्हा येता यावं म्हणून मांडला आणि तो त्यांच्यापर्यंत पोचेल हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मग फ्रेम पायरीवर ठेवली आणि मान खाली घालून उभा राहिला. चंद्रावतींना आधी राग आला. मग त्याच्याकडे बघता बघता हसू आलं.

"मी बोलले, नोट नाय तर मंग काय शोधत व्हतास रं? तर गप. कान ह्ये लाल." त्यांनी कादंबरीच्या हातावर थोपटलं. "दर ऐतवारी येतंय आता. मागल्या ऐतवारी कौलां सारखी केली. मीच त्याला बजावलंय, ती बोलवंल तवर तिच्या दुकानाची पायरी चढू नको. माज्याशी खोटं बोलला, ते मी मिटवलं. तुजं तू बघ."

"आज नाही आले?"

"आज गोदामात काम हाय, बोलला. हितंच, द्रोनागिरीला."

कादंबरीने चहा प्यायला, सुक्या बोंबलांची पुडी नको नको म्हणत घेतली आणि बाहेर पडली. पण रिक्षा थांबत होत्या तिकडे न जाता ती धक्क्याकडे वळली. भरतीचं पाणी पायऱ्यांना लागलं होतं. पलीकडे रेवसचा किनारा दिसत होता, आणि तिकडे जाणारी लाँच धक्क्याला लागून डुलत होती. तिने फोन काढला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"करंज्याच्या धक्क्यावर आहे मी," ती म्हणाली.

"आलो," एवढंच तो बोलला.

वीस मिनिटांत तो आला. अंगात गोदामाचं केशरी जॅकेट, हातात हेल्मेट, कपाळावर घाम. तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला.

"मावशींनी सगळं सांगितलं," कादंबरी म्हणाली.

"मी तीन आठवडे वाक्यं जुळवत होतो," स्वानंद म्हणाला. "वाटेत सगळी सांडली." मग पाण्याकडे बघत, "त्या दिवशी, ही माझ्याकडे आहे, असं म्हटलं असतं तर तुम्ही बरं म्हणाला असता आणि पुन्हा काच कापायला लागला असता. मला तिथून जायचं नव्हतं... तेवढ्यासाठी एक वाक्य खोटं बोललो. मग रोज वाटायचं, आज सांगू. जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं."

कादंबरीने त्याला पुण्याच्या मुलाबद्दल सांगितलं. रोज सकाळी येणाऱ्या त्या फोनबद्दलही. हे तिने कुणालाही एवढं सविस्तर सांगितलं नव्हतं.

"तेव्हा मला गोड खोटं नको," ती शेवटी म्हणाली. "कडू असलं तरी खरं सांगायचं. लगेच. जमेल?"

"जमेल."

"बघू." तिने पदर खोचला आणि पर्समधून दोन तिकिटं काढली. तो येईपर्यंत काय करायचं न सुचून तिने ती घेऊन ठेवली होती. "रेवसला जाऊन येऊ. पंधरा मिनिटं लागतात. लाँचमध्ये बोलता येईल निवांत."

स्वानंदने तिकिटांकडे पाहिलं, लाँचकडे पाहिलं. लाँच लाटेसरशी वर गेली आणि खाली आली.

"दोन गोष्टी खऱ्या सांगायच्या आहेत," तो म्हणाला. "लगेच."

"सांगा."

"एक म्हणजे, मला तुम्ही फार आवडता. पहिल्या दिवसापासून. आरसा मागच्या भिंतीवर आहे म्हणालात, तेव्हापासून."

कादंबरी धक्क्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. वारा सुटला होता, पदर आवरत नव्हता, आणि तिला तो आवरायचाही नव्हता.

"आणि दुसरी?"

"मला बोट लागते," तो अगदी कष्टाने म्हणाला. "फार. इथे बंदराशेजारी नोकरी करतो म्हणून कुणाला सांगत नाही. पंधरा मिनिटं म्हणजे... मला उलटी होईल, कादंबरी."

तिला हसू आवरेना. तीन आठवड्यांचं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं, डोळ्यांतून पाणी आलं. धक्क्यावर जाळं शिवत बसलेला म्हातारा मान वर करून बघायला लागला. स्वानंद मात्र गंभीरपणे तसाच उभा होता. समोरच्या लाँचकडे बघत होता, आणि पळत नव्हता.

लाँचवाल्याने भोंगा वाजवला. माणसं फळीवरून आत चढायला लागली. कादंबरीने डोळे पुसले, त्याच्या हातातलं हेल्मेट काढून आपल्या काखेत घेतलं आणि रिकामा झालेला तो हात धरला.

"चल," ती म्हणाली. "मधोमध बसलं की कमी लागते. आणि डोळे मिटून घे, मी सांगेन कुठे आलो ते."

तो जागीच उभा राहिला. "काय म्हणालात?"

"चल म्हटलं. ऐकू आलं नाही का तुला?"

ऐकू आलं होतं. फळी पायाखाली डगमगली तेव्हा त्याने तिचा हात घट्ट धरला, आणि लाँच धक्क्यापासून सुटली तेव्हा तो अगदी मधल्या बाकावर डोळे गच्च मिटून बसला होता. चेहरा पांढराफटक, आणि ओठांवर न आवरणारं हसू. कादंबरी त्याच्या कानाशी वाकून एकेक गोष्ट सांगत होती. आता बंदर मागे गेलं... आता उजवीकडे तीन होड्या आहेत, एक लाल... आता एक बगळा आपल्याबरोबर उडतोय.

बगळा नव्हताच, पण एवढं गोड खोटं तिने स्वतःला माफ केलं.